महाराणी ताराबाई : वारणेच्या दोन तीरांची कथा



स्मरणिकेसाठी लेख मागायला कार्यकर्ते दरवर्षी घरी येतात आणि दरवर्षी मी ड्यूटीचे कारण पुढे करून सुटका करून घेतो. यंदा ते जमले नाही. मी इतिहासकार नाही, रेल्वेत नोकरी करणारा डिप्लोमाधारक अभियंता आहे. परंतु गोंदियाहून महाराष्ट्र एक्सप्रेसने गावी जाताना सातारा आणि कऱ्हाड ही स्टेशने लागली की एका स्त्रीची हटकून आठवण होते. ती म्हणजे महाराणी ताराबाई. औरंगजेबाशी झुंजणारी रणरागिणी म्हणून आपण सारे त्यांना ओळखतो. कोल्हापूरच्या ताराराणी चौकातला त्यांचा अश्वारूढ पुतळाही अनेकांनी पाहिला असेल. मात्र ती झुंज सात वर्षांची होती. तिच्यानंतर ताराबाई आणखी चोपन्न वर्षे जगल्या, आणि ती चोपन्न वर्षे आपल्याच माणसांशी भांडण्यात आणि तडजोडी करण्यात गेली. हा भाग शाळेच्या पुस्तकात फारसा येत नाही. म्हणून आज त्याविषयी थोडेसे.

ताराबाईंचा जन्म १६७५ चा. कऱ्हाडजवळच्या तळबीडचे सरसेनापती हंबीरराव मोहिते हे त्यांचे वडील. शिवछत्रपतींचे धाकटे चिरंजीव राजाराम महाराज यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १६८९ साली संभाजी महाराजांची क्रूर हत्या झाली, रायगड पडला आणि येसूबाई व बाल शाहू मोगलांच्या कैदेत गेले. राजाराम महाराज जिंजीला गेले. ताराबाईही पुढे तेथे पोहोचल्या व १६९६ साली त्यांना पुत्र झाला. त्याचे नाव शिवाजी ठेवले. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचे निधन झाले, तेव्हा ताराबाई अवघ्या पंचवीस वर्षांच्या होत्या. त्यांनी चिमुकल्या शिवाजीला गादीवर बसवून कारभार हाती घेतला. बादशहाने एक किल्ला घ्यावा आणि त्याची पाठ वळताच मराठ्यांनी तो परत घ्यावा, असा खेळ सात वर्षे चालला. मराठी फौजा नर्मदा ओलांडून माळव्यात शिरल्या. अखेर १७०७ साली औरंगजेब अहमदनगरजवळ निराश होऊन मरण पावला.

येथे आपली विजयकथा संपते आणि खरी कसोटी सुरू होते.

बादशहाचा मुलगा आझमशहा याने मे १७०७ मध्ये शाहू महाराजांना सोडून दिले. मराठ्यांत दोन धनी झाले की ते आपसात लढतील, हा त्यामागचा हिशेब. येसूबाईंना मात्र ओलीस ठेवले. हिशेब अचूक निघाला. शाहू थोरल्या घराचे वारस, पण अठरा वर्षे मोगलांच्या छावणीत वाढलेले. इकडे राज्य जिवंत ठेवले ते ताराबाईंनी. दोघांचीही बाजू खोटी नव्हती, आणि तडजोड अवघड झाली ती त्यामुळेच. आलेला शाहू तोतया आहे, असे ताराबाईंनी जाहीर केले. त्यावर परसोजी भोसले यांनी शाहूंच्या ताटात जेवून ते खरे असल्याची ग्वाही दिली, असे सांगतात. आपण छत्तीसगडात राहणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावे. नागपूरकर भोसल्यांचे मूळ पुरुष ते हेच. याच घराण्यातील बिंबाजी भोसले यांनी पुढे १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपूरहून या प्रदेशाचा कारभार पाहिला.

१२ ऑक्टोबर १७०७ रोजी भीमाकाठी खेड येथे मराठ्यांच्या दोन फौजा समोरासमोर आल्या. ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव शाहूंना मिळाले आणि लढाईचा निकाल लागला. निष्ठावंतांचे किती हाल झाले याचे उदाहरण म्हणजे शंकराजी नारायण सचिव. ताराबाईंना दिलेला शब्द मोडवेना आणि शाहूंवर शस्त्रही उचलवेना, अशा कोंडीत त्यांनी आत्मत्याग केला. जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यास शाहूंचा राज्याभिषेक झाला. ताराबाईंनी १७१० मध्ये पन्हाळ्यास आपल्या मुलाची वेगळी गादी उभी केली. चौथाई-सरदेशमुखीच्या सनदेसाठी दोन्ही पक्षांचे वकील बहादूरशहाच्या दरबारी गेले, तेव्हा त्याने आधी आपसातले भांडण मिटवा, मग सनद मागा, असे सुचवून दोघांनाही टोलवले. ज्या स्त्रीने बापाला झुंजवले तिचा वकील मुलाच्या दारी उभा राहिला, तो आपल्याच घरच्या माणसाविरुद्ध.

दैवाचा फेरा पाहा. १७१४ साली पन्हाळ्यावरही फूट पडली. सवत राजसबाई यांनी आपला मुलगा संभाजी याला गादीवर बसवले आणि ताराबाई व त्यांच्या मुलाला कैदेत टाकले. त्या मुलाचा कैदेतच अंत झाला. पुढे कोल्हापूरकर संभाजी राजे निजामाला जाऊन मिळाले. १७२८ साली बाजीरावांनी पालखेडला निजामाला कोंडले तेव्हाच ते प्रकरण थांबले. १७३० मध्ये शाहूंच्या फौजेने वारणाकाठचा संभाजी राजांचा तळ लुटला आणि ताराबाई व राजसबाई हाती लागल्या. शाहूंनी त्यांना मानाने वागवले. राजसबाई कोल्हापूरला परत गेल्या. ताराबाईंनी मात्र ज्याच्याशी तेवीस वर्षे वैर केले त्या पुतण्याच्याच साताऱ्यात राहणे पसंत केले. तेथेही पहारा होताच.

१७३१ च्या फेब्रुवारीत कऱ्हाडजवळ जखिणवाडीला दोघे चुलत भाऊ थाटामाटाने भेटले आणि १३ एप्रिल रोजी वारणेचा तह झाला. वारणेच्या दक्षिणेचा मुलूख कोल्हापूरकडे, उत्तरेचा साताऱ्याकडे. एकाचा शत्रू तो दुसऱ्याचा शत्रू. एकाच्या नोकरास दुसऱ्याने ठेवू नये. तुंगभद्रेपलीकडे मिळवलेला मुलूख निम्मा निम्मा. कागद उत्तम होता, आणि लढाई थांबली हे काही थोडके नव्हे.

पण आमच्या यार्डातले एक उदाहरण देतो. दोन रेक जोडताना कपलिंग अडकवले की काम झाले, असे नवख्याला वाटते. ब्रेक पाइप जोडून अँगल कॉक उघडल्याशिवाय मागच्या वॅगनना ब्रेक लागत नाही. गाडी एक दिसते, पण ऐन उतारावर ती एक नसते. वारणेच्या तहाने कपलिंग अडकवले, हवा मात्र पुढे गेली नाही. अमेरिकेतले यादवी युद्ध १८६५ साली संपले, तरी त्याची तेढ तेथे पिढ्यान् पिढ्या उरली. हा दोष केवळ आपलाच नव्हे, इतकेच समाधान.

मनोमीलनाची दुसरी संधी शाहूंच्या मृत्यूने आली. १५ डिसेंबर १७४९ रोजी ते निपुत्रिक वारले. आपला एक नातू गुप्तपणे वाढवला आहे, असे ताराबाईंनी सांगितले होते. तोच रामराजा जानेवारी १७५० मध्ये साताऱ्याच्या गादीवर आला. थोरल्या घराची गादी आणि धाकट्या घराचा नातू! दोन्ही पक्षांची दुखणी एका अभिषेकाने बरी व्हावीत, असा योग होता. पण खरी सत्ता तोवर पुण्याला पेशव्यांकडे गेली होती आणि ताराबाईंना ती परत हवी होती. नातू ऐकेना, म्हणून २४ नोव्हेंबर १७५० रोजी त्यांनी त्याला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केले. त्यांच्या मदतीला गुजरातेतून दमाजी गायकवाड धावले, पण १७५१ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी त्यांना पकडले. शेवटी सप्टेंबर १७५२ मध्ये जेजुरीच्या खंडोबासमोर पेशवे व ताराबाई यांनी सलोख्याच्या शपथा घेतल्या. त्याच वेळी रामराजा आपला नातू नव्हेच, अशीही शपथ ताराबाईंनी वाहिली. १७०७ साली पुतण्याला तोतया ठरवले, पंचेचाळीस वर्षांनी नातवाला. रामराजा १७७७ पर्यंत नाममात्र छत्रपती राहिला.

१४ जानेवारी १७६१ ला पानिपत झाले, जूनमध्ये नानासाहेब गेले आणि डिसेंबरमध्ये ताराबाईंनीही देह ठेवला. वय शहाऐंशी. साताऱ्याजवळ संगम माहुलीला त्यांची समाधी आहे. पुढे इंग्रजांनी १८४८ मध्ये सातारा आणि १८५४ मध्ये नागपूर, म्हणजे आपला हा छत्तीसगडही, खालसा केला. कोल्हापूर १९४९ मध्ये विलीन झाले. गाद्या वेगवेगळ्या राहिल्या आणि एकेक करून गेल्या.

ताराबाईंना दोष द्यायला हे लिहिले नाही. त्या नसत्या तर भांडायला राज्यच उरले नसते. परंतु नोकरीच्या सुरुवातीला दुसऱ्या एका गावी एका गणेश मंडळाची दोन मंडळे होताना मी पाहिली आहेत. समया, सतरंज्या, भांडी यांची वाटणीची यादी मीच माझ्या हस्ताक्षरात लिहिली होती. यादीवरून कोणाचीही तक्रार आली नाही, याचा तेव्हा मला अभिमान वाटला. पण त्यानंतर दोन्हीकडच्या मंडळींनी एकमेकांच्या आरतीला जाणे सोडले, ते मी तेथून बदलून येईपर्यंत तसेच होते. यादी करण्याऐवजी दोघांना एका पंगतीला बसवायला हवे होते, हे फार उशिरा कळले.

आपण भिलाईत सातारचे आहोत, कोल्हापूरचे आहोत, नागपूर-विदर्भाचे आहोत, खानदेश-कोकणचेही आहोत. मतभेद होणारच. ते झाले की तहाचा कागद करण्याआधी एकमेकांच्या घरी जाऊन चहा घ्यावा, एवढीच विनंती.

गणपती बाप्पा मोरया!