अणूंचा हिशेब तपासणारे ॲस्टन

फ्रान्सिस विल्यम ॲस्टन यांचा जन्म १ सप्टेंबर १८७७ रोजी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळच्या हार्बोर्नचा. रसायनशास्त्र शिकून त्यांनी तीन वर्षे बिअरच्या कारखान्यात नोकरी केली. काच फुंकून नळ्या बनवण्याचे कसब मात्र घरच्या प्रयोगशाळेत कमावले. १९१० मध्ये ते केंब्रिजला जे. जे. थॉमसन यांचे साहाय्यक झाले.

क्लोरीनचा अणुभार ३५.४६ असा अपूर्णांकात का येतो, हे कोडे जुने होते. ॲस्टन यांनी १९१९ मध्ये 'मास स्पेक्ट्रोग्राफ' उभा केला. त्यात विद्युतभारित अणू विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांतून जाऊन आपापल्या वजनाप्रमाणे फोटोच्या काचेवर वेगवेगळ्या जागी उमटत. क्लोरीनचे दोन प्रकार निघाले, ३५ आणि ३७. अपूर्णांक ही नुसती सरासरी होती! असे २१२ समस्थानिक त्यांनी शोधले. १९२२ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले.

पण हायड्रोजन काही जुळेना. ऑक्सिजन १६ धरला तर तो १.००८ भरे. चार हायड्रोजन म्हणजे ४.०३२, त्यांच्यापासून बनणारे हेलियम मात्र जेमतेम ४. आमच्या बँकेत बॅलन्सिंगला आठ पैशांचा फरक आला तरी तो सापडेपर्यंत घरी जाता येत नसे, त्यामुळे या माणसाविषयी मला विशेष आपुलकी! हरवलेले वजन आइनस्टाइन यांच्या समीकरणाप्रमाणे ऊर्जा होऊन बाहेर पडलेले असते. केंद्रक फोडायचे तर तेवढी ऊर्जा परत भरावी लागते, हीच बंधनऊर्जा. सूर्य यावरच जळत असावा, हे एडिंग्टन यांनी १९२० मध्येच ताडले.

ॲस्टन यांनी त्याहून अचूक, दहा हजारांत एक भाग इतका फरक दाखवणारे यंत्र बनवले आणि १९२७ मध्ये आलेख मांडला. लोखंडाच्या आसपासची केंद्रके सर्वांत घट्ट बांधलेली असतात. म्हणून हलकी जोडली किंवा युरेनियमसारखी जड फोडली, तरी ऊर्जा सुटते.

ही ऊर्जा माणसाच्या हाती आल्यास ती आवरणार नाही, ही भीती त्यांनी नोबेल व्याख्यानातच बोलून दाखवली होती. ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर पडलेला बॉम्ब युरेनियमचाच होता. साडेतीन महिन्यांनी, २० नोव्हेंबरला, ॲस्टन केंब्रिजमध्ये वारले. लग्न केले नव्हते. मालमत्तेचा मोठा भाग त्यांनी ट्रिनिटी कॉलेजच्या नावे ठेवला.