दादोबांचे व्याकरण आणि आपल्या घरची बोली

नवापूरच्या रेल्वे स्थानकातून दोन राज्यांची हद्द जाते. फलाटाचा काही भाग महाराष्ट्रात, काही गुजरातेत. इथून पश्चिमेकडे जाणारी गाडी सुरतेला पोहोचते. त्याच सुरतेत १८४० च्या दशकात एक मराठी शिक्षक राहत होते. मराठीचे पाणिनी म्हणून ज्यांचा गौरव होतो, ते दादोबा पांडुरंग तर्खडकर. भाषा विशेषांकाच्या निमित्ताने त्यांची आठवण आपण सीमेवरच्या लोकांनी आवर्जून करावी.

दादोबांचा जन्म १८१४ साली मुंबईत झाला. घराण्याचे मूळ गाव वसईजवळचे तर्खड. आडनाव त्या गावावरूनच पडले. घर विचारी माणसांचे होते. बंधू भास्कर यांनी १८४१ मध्ये इंग्रजी राज्यकारभारावर कडक टीका करणारी पत्रे वृत्तपत्रात लिहिली. दुसरे बंधू डॉ. आत्माराम १८६७ साली प्रार्थना समाजाच्या संस्थापकांत होते.

दादोबांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे. त्याआधी १८०५ मध्ये विल्यम केरी यांनी मराठीचे व्याकरण छापले होते; पण ते इंग्रजीत, परक्यांना मराठी शिकवण्यासाठी. दादोबांनी मराठी माणसाला त्याची भाषा मराठीतूनच समजावून दिली. शाळेत नाम, सर्वनाम, क्रियापद घोकणाऱ्या प्रत्येक पिढीवर त्यांचे ऋण आहे.

पुढे माळव्यातील जावरा संस्थानात आणि मुंबईत शिक्षकाचे काम करून ते सुरतेच्या इंग्रजी शाळेत आले. तिथे दुर्गाराम मेहताजी या गुजराती शिक्षकाशी त्यांचा स्नेह जुळला. २२ जून १८४४ रोजी या मंडळींनी मानवधर्म सभा स्थापन केली. भुताखेतांची भीती, मांत्रिकांचे थोतांड, जातिभेद यांवर तिथे उघड चर्चा होई. भाषा वेगळी म्हणून कोणाचे अडले नाही. १८४६ मध्ये दादोबा मुंबईस परतले. तिथे परमहंस सभेच्या कामात त्यांचा पुढाकार राहिला. नंतर ते डेप्युटी कलेक्टर झाले, रावबहादूर झाले. पण व्याकरणाचा ध्यास सुटला नाही. १८५० मध्ये सुधारलेली आवृत्ती, १८६५ मध्ये लघु व्याकरण आणि १८८१ मध्ये ‘पूरणिका’ निघाली. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. पंचेचाळीस वर्षे ज्याने नियम लिहिले, त्याला अखेरपर्यंत भर घालावीशी वाटली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आणखी एक गोष्ट. मोरोपंतांच्या केकावलीवर त्यांनी टीका लिहिली, तिला नाव दिले ‘यशोदापांडुरंगी’. यशोदा त्यांची आई, पांडुरंग वडील. एवढ्या विद्वानाने ग्रंथाच्या माथ्यावर घरची नावे लिहिली.

आपले काय? आपल्या भागातल्या अनेक घरांत आजी मुलाला आंडोर आणि मुलीला आंडेर म्हणते, इथे-तिथे म्हणायचे तर आठे-तठे म्हणते. मराठीतले ‘रामाचा’ अहिराणीत ‘रामना’ होते आणि गुजरातीत ‘रामनो’. मराठीतले ‘आहे’ अहिराणीत ‘शे’, गुजरातीत ‘छे’. हे काही चुकलेले मराठी नव्हे. शेजारधर्म पाळत वाढलेली ती बोली आहे, तिचे स्वतःचे नियम आहेत. पण पोर वर्गात असा शब्द बोलले की हशा होतो, आणि दुसऱ्या दिवसापासून ते घरीही आजीशी पुस्तकी बोलू लागते. मीही तसाच गप्प झालो होतो. आज आजी नाही, आणि तिचे निम्मे शब्द मला आठवत नाहीत.

व्याकरण लेखनाला शिस्त लावण्यासाठी असते, पोराला गप्प करण्यासाठी नाही. अर्ज, बातमी, परीक्षेचा पेपर प्रमाण मराठीत लिहावा, त्यात दुमत नाही. पण घरातले शब्द घरात बोलावेत आणि लिहूनही ठेवावेत. एक साधी वही घ्या. आजी-आजोबा बसले असतील तिथे बसा. जात्याचे, पेरणीचे, स्वयंपाकाचे शब्द विचारा, अर्थासह उतरवा. दादोबांनी आपल्या व्याकरणाला पूरणिका जोडली. आपल्या सीमेवरची पूरणिका आपल्यालाच लिहायची आहे, आणि ती सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.