मिस्त्रींच्या घरातला कॅमेरा

कलामहर्षी बाबूराव पेंटर यांची ओळख चित्रपट दिग्दर्शक म्हणून असली, तरी त्यांची जडणघडण झाली ती कारागिराच्या घरात. ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात जन्मलेल्या बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचे वडील सुतारकाम, कोरीवकाम आणि चित्रकलेत निष्णात होते. कलाशाळेची पायरी न चढताही बाबूरावांच्या हाती लाकूड, माती आणि रंग लीलया वळू लागले. नात्यातील बंधू आनंदराव यांच्यासह त्यांनी रंगविलेले नाटकांचे पडदे गाजले. 'राजा हरिश्चंद्र'नंतर या जोडीला चित्रपटाचे वेड लागले आणि स्वतःच कॅमेरा घडविण्याचा ध्यास दोघांनी घेतला. १९१६ मध्ये आनंदरावांचे अकाली निधन झाले. कॅमेरा अपुराच राहिला. बाबूरावांनी मात्र हत्यारे खाली ठेवली नाहीत. शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साथीने १९१८ मध्ये त्यांनी तो पूर्णत्वास नेला. पुढे 'सैरंध्री' (१९२०) आणि 'सावकारी पाश' (१९२५) या त्यांच्या चित्रपटांनी इतिहास घडविला. दामले, फत्तेलाल, शांताराम हे शिष्य १९२९ मध्ये 'प्रभात'च्या उभारणीसाठी बाहेर पडले, तेही हीच शिस्त घेऊन. १६ जानेवारी १९५४ रोजी बाबूराव निवर्तले. दोघांनी आरंभलेले आणि एकाच्या पश्चात दुसऱ्याने तडीस नेलेले ते काम कोल्हापूरच्या चित्रपटसृष्टीचा पाया ठरले.