मूठभर धान्याची शिष्यवृत्ती

शहागड (प्रतिनिधी) : बारावीचा निकाल लागला, की गोदावरीकाठच्या शहागडमध्ये कागदपत्रांची धावपळ सुरू होते. सातबाराचा उतारा, उत्पन्नाचा दाखला, अंबडच्या तहसील कार्यालयातून आणलेले अल्पभूधारक असल्याचे प्रमाणपत्र, वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहत असल्याचा पुरावा. कृषी पदवीसाठी बदनापूरला किंवा परभणीला जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींच्या या कागदांच्या चळतीत एक नाव हमखास असते. ते म्हणजे डॉ. पंजाबराव देशमुख. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांना व्यावसायिक शिक्षणासाठी घरापासून दूर राहावे लागले, तर राज्य शासनाकडून जो वसतिगृह निर्वाह भत्ता मिळतो, त्या योजनेला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

अर्ज भरणाऱ्यांपैकी किती जणांना या नावामागचा माणूस ठाऊक असतो, हा प्रश्नच आहे. देशाचे कृषिमंत्री, विदर्भातील शिक्षणमहर्षी एवढी ओळख अनेकांना असते. मात्र मुलाच्या शिक्षणासाठी बापाने जमीन गहाण टाकणे म्हणजे काय, हे या माणसाने स्वतःच्या घरात अनुभवले होते. त्यांचे पुढचे आयुष्य या एका अनुभवाच्या प्रकाशात पाहिले, तर त्यांच्या कामाची संगती लागते.

पापळ ते एडिंबरा

पंजाबरावांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यात झाला. वडील शामराव आणि आई राधाबाई. घर शेतकऱ्याचे आणि गाव कापूस पिकवणाऱ्या वऱ्हाडातले. त्या काळी वऱ्हाड नावापुरते निजामाच्या मालकीचे, पण कारभार इंग्रजांचा होता. तर शहागडचा परिसर थेट हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभार वेगवेगळा असला, तरी दोन्हीकडच्या शेतकऱ्याची स्थिती फारशी निराळी नव्हती. पीक पावसावर, घर सावकारावर आणि मुलांचे शिक्षण नशिबावर, अशीच ती होती.

पापळच्या शाळेत पुढचे वर्ग नव्हते. त्यामुळे अगदी लहान वयातच पंजाबरावांना शिक्षणासाठी गाव सोडावे लागले. चांदूर रेल्वे, कारंजा आणि मग अमरावतीचे हिंदू हायस्कूल अशी त्यांच्या शाळेची ठिकाणे बदलत गेली. पुढे ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. तेथील शिक्षण पूर्ण होण्याआधीच त्यांनी इंग्लंडला जाण्याचे ठरवले आणि १९२० मध्ये ते बोटीने रवाना झाले. या प्रवासासाठी आणि तेथील राहण्यासाठी लागणारा पैसा घरात नव्हता. शामरावांनी जमीन गहाण टाकली आणि कर्ज उभे केले. एका शेतकऱ्याने आपल्या हाती असलेली एकमेव मिळकत मुलाच्या पुस्तकांसाठी पणाला लावली होती.

परदेशात पंजाबरावांनी एडिंबरा विद्यापीठाची एम.ए. पदवी मिळवली. त्याच विद्यापीठाची संस्कृत संशोधनासाठी असलेली व्हॅन्स डनलॉप शिष्यवृत्ती त्यांना लाभली. पुढे वेदवाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास या विषयावर त्यांनी प्रबंध लिहिला व ऑक्सफर्डची डॉक्टरेट संपादन केली. त्याच काळात ते बॅरिस्टरही झाले. गावाकडून येणारा पैसा हा कर्जाचा होता. शिष्यवृत्तीचा पैसा मात्र गुणवत्तेच्या बळावर मिळालेला आणि कोणाकडेही परत न करायचा होता. एकाच विद्यार्थ्याला हे दोन्ही पैसे मिळाले. त्यांतील फरक किती मोठा असतो, हे त्यामुळे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज उरली नाही.

मुष्टिफंड आणि छात्रालय

१९२६ मध्ये पंजाबराव अमरावतीला परतले. बॅरिस्टर झालेल्या तरुणाने वकिलीत जम बसवावा आणि घरावरचे कर्ज फेडावे, ही त्या काळची रीत होती. त्यांनी वकिली सुरू केली खरी, पण त्याच सुमारास एक वेगळे कामही हाती घेतले. खेड्यांतून अमरावतीला शिकायला येणाऱ्या गरीब मुलांना शाळेत प्रवेश मिळत असे. अडचण होती ती राहण्याची आणि दोन वेळच्या जेवणाची. शाळेची फी एकवेळ माफ होई, पण पोट माफी देत नसे. अनेक मुलांचे शिक्षण याच ठिकाणी थांबत होते.

यावर त्यांनी शोधलेला उपाय साधा होता. मुष्टिफंड म्हणजे घरोघरून मूठभर धान्य गोळा करायचे आणि त्यावर मुलांचे जेवण चालवायचे. या धान्यावर श्रद्धानंद छात्रालय उभे राहिले. निरनिराळ्या जातींची मुले तेथे एका छपराखाली राहू लागली आणि एका पंगतीत जेवू लागली. अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा, यासाठी याच काळात झालेल्या लढ्यात पंजाबराव पुढे होते. त्यामुळे छात्रालयातील पंगत हा केवळ सोयीचा भाग नव्हता. १९२७ मध्ये विमलाबाईंशी झालेला त्यांचा विवाहही आंतरजातीय होता. विमलाबाई पुढे राज्यसभेच्या सदस्य झाल्या.

आजच्या भाषेत बोलायचे तर मुष्टिफंड ही निर्वाह भत्त्याची योजनाच होती. फरक एवढाच, की तिला शासनाचा आदेश नव्हता आणि बँकेचे खातेही नव्हते. ज्यांच्या घरात स्वतःला पुरेल एवढेच धान्य होते, त्यांनीच दुसऱ्याच्या मुलासाठी मूठ बाजूला काढली होती.

१९२८ मध्ये पंजाबराव अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा आग्रह धरला आणि त्यासाठी कर वाढवण्याची जोखीमही पत्करली. सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांसाठी खुल्या करण्याचा निर्णयही त्यांच्याच कारकिर्दीत झाला. १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्थेची स्थापना झाली. शाळा, महाविद्यालये आणि वसतिगृहे यांच्या रूपाने ती विदर्भभर पसरली. शेतीशास्त्र शिकवणारे महाविद्यालयही या संस्थेने अमरावतीत काढले.

कर्जाचा फास

१९३० मध्ये पंजाबराव मध्य प्रांत व वऱ्हाडच्या कायदेमंडळात निवडून गेले आणि मंत्री झाले. शिक्षण आणि शेती ही दोन्ही खाती त्यांच्याकडे होती. जागतिक मंदीचा तो काळ होता. कापसाचे भाव कोसळले होते. भाव पडले तरी सावकाराचे व्याज पडत नव्हते, आणि गहाण टाकलेल्या जमिनी एकामागून एक हातच्या जात होत्या. या परिस्थितीत शेतकऱ्याच्या कर्जाचा प्रश्न त्यांनी लावून धरला. सावकार आणि कुळ यांना मंडळासमोर बसवून कर्जाची रक्कम व हप्ते तडजोडीने ठरवण्याची तरतूद असलेला कायदा मध्य प्रांतात १९३३ मध्ये झाला. वऱ्हाडात तो कर्जलवाद कायदा म्हणून ओळखला गेला.

वरवर पाहता छात्रालय आणि हा कायदा यांचा एकमेकांशी संबंध दिसत नाही. प्रत्यक्षात ती एकाच दुखण्यावरची दोन औषधे होती. मुलाला शिकवायचे तर जमीन जाते आणि जमीन राखायची तर मुलगा अडाणी राहतो, या पेचातून शेतकऱ्याला बाहेर काढण्याचा तो प्रयत्न होता.

पाहून शिकणारा शेतकरी

पंजाबराव घटना समितीचे सदस्य होते. त्यानंतर १९५२, १९५७ आणि १९६२ अशा तीन निवडणुकांत अमरावतीने त्यांना लोकसभेत पाठवले. १९५२ पासून दहा वर्षे ते केंद्र सरकारात मंत्री होते आणि शेतीचे काम हेच त्यांचे प्रमुख क्षेत्र राहिले. अन्नधान्याची टंचाई हा तेव्हा देशापुढचा सर्वांत मोठा प्रश्न होता.

१९५३ मध्ये जपानी पद्धतीच्या भातशेतीची मोहीम देशभर सुरू झाली, तेव्हा पंजाबराव तिचे खंदे पुरस्कर्ते होते. गादीवाफ्यावर रोपे तयार करणे, थोडी पण जोमदार रोपे ओळीत आणि अंतर राखून लावणे, भरपूर खत देणे आणि कोळपणी करणे, असे तिचे स्वरूप होते. हे तंत्र पुस्तकात वाचून येणारे नव्हते. चिखलात उतरून, दोरी धरून, कोणीतरी करून दाखवले तरच ते हाती येत असे. त्यामुळे ही मोहीम शेतावरच्या प्रात्यक्षिकांतून पुढे सरकली.

१९५५ मध्ये त्यांनी भारत कृषक समाजाची स्थापना केली. शेतकऱ्याला स्वतःचे देशव्यापी व्यासपीठ असावे, हा त्यामागचा हेतू होता. याच संघटनेच्या पुढाकाराने डिसेंबर १९५९ मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरले. अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष आयसेनहॉवर उद्घाटनप्रसंगी हजर होते. अमेरिका आणि सोव्हिएत संघ हे शीतयुद्धातील दोन प्रतिस्पर्धी येथे मात्र ट्रॅक्टर आणि बियाणे घेऊन एकाच मैदानात उतरले होते. खेड्यापाड्यांतून आलेल्या शेतकऱ्यांनी जगाची शेती तेथे पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली. त्यांच्यासाठी ती काही दिवसांची शाळाच होती.

१० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीत पंजाबरावांचे निधन झाले. अकोल्यात १९६९ मध्ये स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले.

नावामागचा हिशेब

मराठवाड्यात कृषी शिक्षणाची सोय उशिरा झाली. परभणीचे कृषी महाविद्यालय १९५६ मधले, तर तेथील कृषी विद्यापीठ १९७२ मधले. जालना जिल्ह्यात बदनापूर येथे या विद्यापीठाचे महाविद्यालय आहे, आणि तेथील संशोधन केंद्राचे तुरीचे वाण मराठवाड्यातील शिवारांत परिचित आहेत. शहागडच्या मुलाला आता शेतीचे शिक्षण घेण्यासाठी बोटीने जावे लागत नाही. महामार्गावरची एसटी पुरते.

या शिक्षणाच्या शेवटच्या वर्षात विद्यार्थ्यांना गावात राहून काम करावे लागते. कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणून ते गावोगावी दिसतात. माती परीक्षणासाठी नमुना कसा घ्यावा, बियाण्याला बीजप्रक्रिया कशी करावी, मोसंबीच्या बागेसाठी बोर्डो मिश्रण कसे बनवावे, हे ते करून दाखवतात आणि शेतकऱ्याकडून शेतीचा रोजचा हिशेब शिकतात. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या २०१५ मधील योजनेत या सहा महिन्यांसाठी दरमहा ३,००० रुपये विद्यावेतन ठरवण्यात आले. एका बाजूला राहण्या-जेवणाचा भत्ता आणि दुसऱ्या बाजूला शेतावरचे प्रशिक्षण. पंजाबरावांनी मुष्टिफंडातून आणि भातशेतीच्या चिखलातून जे दोन धागे धरले होते, तेच आता शासकीय योजनांच्या रूपाने विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचले आहेत, असे म्हणता येईल.

तरीही हिशेबात एक बाकी उरते. शामरावांच्या गहाण जमिनीतून एक बॅरिस्टर आणि मंत्री घडला. नांगरामागे तो परतला नाही. त्याने शेतकऱ्यांसाठी जे केले, ते एका शेतावर राहून कदाचित झाले नसते. पण प्रत्येक शिकलेला मुलगा पंजाबराव होत नाही. कृषी पदवी घेतलेल्यांपैकी अनेक जण स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत बसतात, काही बँकांत जातात, काही खत-बियाण्यांच्या कंपन्यांत नोकरी धरतात. त्यात गैर काही नाही. घरची तीन-चार एकर कोरडवाहू जमीन पदवीधराचा संसार चालवू शकेलच, अशी खात्री त्याला कोणी देत नाही. घर सोडून शिकायला जाणाऱ्यासाठी भत्ता आहे. शिकून घरी परतणाऱ्याला पहिला हंगाम निभावून नेण्यासाठी तेवढा हक्काचा आधार नाही.

मुष्टिफंडातील धान्य देणाऱ्या घरांना त्या मुलांकडून काय अपेक्षा होती, याची नोंद कोठे नाही. आपले मूल नसले तरी गावातले एक मूल शिकावे, एवढे त्यांना पुरेसे वाटले असावे. गोदावरीच्या काठावर आज सातबारा आणि दाखल्यांची फाईल घेऊन उभ्या असलेल्या मुलांच्या अर्जावर जे नाव आहे, त्याची थोरवी या मुठीत आहे. त्या नावाच्या योजनेने बापाच्या जमिनीवरचा एक बोजा हलका केला. आता त्याच जमिनीवर परतू इच्छिणाऱ्या शिकलेल्या हातांसाठी दुसरी मूठ कोण बाजूला काढणार, हे ठरवण्याची वेळ आली आहे.