बेनेगल नरसिंह राव

सर बेनेगल नरसिंह राव (२६ फेब्रुवारी १८८७ – ३० नोव्हेंबर १९५३) हे भारतीय सनदी अधिकारी, न्यायाधीश, मुत्सद्दी व कायद्यांचे मसुदाकार होते. संविधान सभेचे ते घटनात्मक सल्लागार होते.

राव यांचा जन्म मंगळूर येथे झाला. मद्रास व केंब्रिज येथील शिक्षणानंतर ते इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये दाखल झाले. १९३५ च्या भारत सरकार कायद्याशी प्रचलित कायदे सुसंगत करण्याचे काम त्यांनी केले. पुढे ते कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

सरकारने १९४१ मध्ये नेमलेल्या हिंदू कायदा समितीचे ते अध्यक्ष होते. पुण्याचे विधिज्ञ ज. र. घारपुरे हे समितीचे सदस्य होते. १९४४ मध्ये पुनरुज्जीवित झालेल्या या समितीने देशभर साक्षी नोंदवून हिंदू संहितेचा मसुदा तयार केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे नेलेले हे विधेयक विरोधामुळे रखडले. अखेर १९५५-५६ मध्ये त्याचे विषय चार स्वतंत्र कायद्यांद्वारे संमत झाले. तत्पूर्वीच राव यांचे निधन झाले होते.

घटनात्मक सल्लागाराचे काम त्यांनी मानधन न घेता केले. ऑक्टोबर १९४७ मधील त्यांच्या मसुद्यात २४३ कलमे व १३ परिशिष्टे होती. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने त्यावर काम करून ३१५ कलमांचा मसुदा सादर केला. राव सभेचे सदस्य नसल्याने त्यांना मताधिकार नव्हता. धोरणाचा निर्णय सभेचाच राहिला. समारोपाच्या भाषणात आंबेडकरांनी श्रेयाचा वाटा राव यांना दिला.

१९५२ मध्ये ते आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे न्यायाधीश झाले. झुरिक येथे त्यांचे निधन झाले.