विश्लेषण : जनसंपर्क शिकवणारे पहिले प्राध्यापक कृषी पदवीधर कसे?
विद्यापीठात जनसंपर्क शिकवण्याची सुरुवात ज्यांच्यापासून मानली जाते, त्या एडवर्ड बर्नेज यांची स्वतःची पदवी शेतीतली. जन्म १८९१ चा, व्हिएन्नातला; सिग्मंड फ्रॉइड हे त्यांचे सख्खे मामा. अमेरिकेत वाढलेल्या बर्नेज यांनी १९१२ मध्ये कॉर्नेलमधून कृषी पदवी घेतली, पण शेतीकडे ते फिरकले नाहीत. १९२३ मध्ये त्यांनी जनसंपर्कावर पुस्तक लिहिले आणि त्याच वर्षी न्यूयॉर्क विद्यापीठात हा विषय शिकवला.

वर्गाबाहेरचे काम मात्र वादग्रस्त. १९२९ च्या ईस्टरला न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर तरुणींनी भर गर्दीत सिगारेटी पेटवल्या. स्त्रीस्वातंत्र्याची कृती म्हणून त्याचा गाजावाजा झाला; पैसा तंबाखू कंपनीचा होता आणि आखणी बर्नेज यांची. (उतारवयात ते धूम्रपानविरोधी मोहिमेत उतरले, हेही खरे.) नाझी प्रचारमंत्री गोबेल्स आपले पुस्तक वापरतो, हे कळल्यावर धक्का बसल्याचे त्यांनी आत्मचरित्रात नोंदवले.

१९४७ मध्ये बॉस्टन विद्यापीठाने जनसंपर्काची स्वतंत्र शाखा काढली. बर्नेज यांना तेवढे पुरेसे वाटेना. डॉक्टर-वकिलांप्रमाणे जनसंपर्क सल्लागारालाही सरकारी परवाना हवा, ही मागणी त्यांनी अखेरपर्यंत लावून धरली. १९९५ मध्ये, वयाच्या १०३ व्या वर्षी ते गेले, तेव्हाही अमेरिकेत या व्यवसायाला ना परवाना लागत होता, ना पदवी.