पांडुरंग सदाशिव खानखोजे

डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे (जन्म : वर्धा, मृत्यू : नागपूर, १९६७) हे भारतीय क्रांतिकारक, कृषिशास्त्रज्ञ व मेक्सिकोतील प्राध्यापक होते. अमेरिकेत शेतीशास्त्र शिकत असताना ते गदर चळवळीत सामील झाले. पहिल्या महायुद्धात इराणमध्ये ते ब्रिटिशांविरुद्ध लढले. त्यामुळे मायदेशी परतणे अशक्य झाले. १९२४ साली ते मेक्सिकोला गेले. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात अध्यापन करताना त्यांनी मक्याच्या वाणांवर संशोधन केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा चालवल्या. चित्रकार दिएगो रिव्हेरा यांच्या भित्तिचित्रात त्यांचे चित्रण आढळते. स्वातंत्र्यानंतर ते भारतात आले, तेव्हाही त्यांचे नाव ब्रिटिशकालीन काळ्या यादीत कायम होते. पुढे ते नागपुरात स्थायिक झाले.